धूर होणारी दारू

निझव्यात, चांदीवाल्यांच्या रांगेत अगदी शेवटी
खल्फान बिन हमूदचं दुकान. पाटी नाही.
दारावर बंदुकीची एक जुनी नळी टांगली आहे,
कोठीपाशी फाटलेली,
केळफुलाच्या पाकळीसारखी मागे वळलेली.
ज्याची होती तो माणूस आता डाव्या हाताने कॉफी घेतो
आणि मजलिसीत कुणी काही म्हणत नाही.

मी मिरजेचा टर्नर. एकोणीस वर्षं इथल्या लेथवर,
मार्टिनीचे घोडे, खिळे, स्प्रिंगा,
मापात सापडत नाही ते सगळं हाताने.

हैथम आला तेव्हा दुपारची बांग नुकतीच संपली होती.
आजोबांची रायफल, मुकुटाचा छाप, सन अठराशे एक्याऐंशी,
पिशवीत रिकामी पितळी काडतुसं,
आणि कॉफीच्या बरणीत अर्ध्यापर्यंत काळे दाणे.
गुरुवारी भावाचं लग्न.
"त्यांच्याच पेटीत मिळाली," तो म्हणाला, "तीच असणार की."

खल्फानने झाकण उघडलं, हुंगलं, उजेडात कलती केली.
दाणे काळे. चकचकीत.
पण काळे तीळही काळेच, कांद्याचं बीही काळंच.

मला कॅम्पातला तातोबा आठवला,
मीठ समजून धुण्याचा सोडा घातला होता त्याने.
आमटी होती म्हणून चार दिवस हसलो.
आमची इंदुमती कुळथाच्या पिठालाही चिठ्ठी लावते,
"चैत्र", आणि खाली आपली सही,
जसं काही पीठ कोर्टात उभं राहणार आहे.

खल्फान सावकाश बोलतो, समोर मूल बसल्यासारखं:
धूर होणारी दारू गोळीला ढकलते.
बिनधुराची दणका देते.
या लोखंडाला ढकलणं ठाऊक आहे,
दणका त्याच्या जन्मानंतरचा.

"मग थोडीच घालू. निम्मी."
"निम्मा साप?" खल्फानने विचारलं.

मी मध्येच म्हणालो, आमच्याकडे दोन्हीला एकच शब्द,
बाटलीतलीही दारू, नळीतलीही दारू.
खल्फान इतका हसला की चष्मा काढावा लागला,
मग चष्मा पुसता पुसता म्हणाला,
"तुमच्या लोकांनी कुणालातरी फुटताना पाहिलं असेल."
मी काही बोललो नाही. माझे काका आठवले.

हैथम रुसला. पण खल्फानचा सीलबंद डबा घेऊन गेला,
ज्यावर नाव आहे, साल आहे,
आणि काळी, मळकट, धुरकट, भरवशाची
जुनीच दारू आहे.
बरणी राहिली आमच्याकडे.
सोमवारी खल्फान ती वाळूत पातळ पसरून जाळणार.
तोवर कुणी चुकू नये म्हणून मी कागद चिकटवला
आणि हात आपोआप लिहून गेला: माहीत नाही.
एकोणीस वर्षांत या दुकानात लिहिलेले
माझे पहिले मराठी शब्द.
खल्फानने खाली अरबीत तेच लिहिलं. त्याचे दोन अक्षरांनी जास्त झाले.

गुरुवारी बार उडाले.
एवढा पांढरा धूर की नवरा मुलगाच सापडेना,
म्हातारे खोकत खोकत नाचत होते,
आणि गंधकाचा वास खजुराच्या बागेत रात्रभर.

शुक्रवारी रायफल परत आली, धुवायला.
ही दारू घाण करते, तेवढीच तिची खोड,
त्याच दिवशी कढत पाणी ओतलं नाही तर गंज धरतो.
मी ओतलं. काजळासारखं वाहिलं.

मग फोन वाजला. मुलगा म्हणाला,
बाबा, दुबईत दुप्पट पगार आहे, फक्त रात्रपाळी,
तुम्ही तर अजून धडधाकट.
थांब जरा, मी म्हणालो,
आणि एक डोळा मिटून
नळी उजेडाकडे धरली.